सरदार जेवत नाहीत

सत्यशीलाबद्दल मी जे पहिल्यांदा सगळ्यांना सांगत सुटले ते साफ चुकीचं होतं, आणि ते आठवलं की मला अजून एकटीला हसू येतं. आमची सून आरती म्हणते, आई, खिडकीकडे बघून हसू नका, लोक काय म्हणतील. लोकांचं काय, मी न हसतासुद्धा म्हणतातच.

झालं असं. गेल्या दिवाळीनंतर आम्ही दिल्लीगेटजवळचं बिऱ्हाड सोडून सावेडीत राहायला आलो. पहिला मजला. खाली रस्त्याच्या बाजूला पिठाची गिरणी, आणि गिरणीच्या मागं गिरणीवालीचं घर, दोन खोल्या. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर माझ्या ओट्याखाली. दुपारी गिरणी थांबली की तिचं बोलणं सरळ माझ्या कढईत पडायचं. मी काही मुद्दाम कान लावत नव्हते. कान आहेत तिथं आवाज येणार, त्याला मी काय करू.

रोज तेच. "जेवा की सरदार. दोन घास खा. आसं तोंड फिरवून बसू नका, माझ्यानं न्हाई व्हत आता." मग शांतता. मग, "दूध घालू का वरनं? बरं, तूप घालते." पुन्हा शांतता. मग अगदी थकून, "तुमी खाल्ल्याशिवाय मी जेवनार न्हाई, सांगून ठिवते." समोरून एक शब्द नाही.

मी काय समजायचं? समजले की नवरा घरात बसून आहे, वर रुसलेला आहे, आणि ही बाई दिवसभर गिरणी चालवून त्याला घास भरवते. बागेत संध्याकाळी बसायला येणाऱ्या बायका माझ्यासारख्याच नव्या, त्यांनाही खरं काय ते माहीत नाही. मी त्यांना रोज सांगायचे, आज सरदारांनी तुपावरही तोंड फिरवलं. दोघी-तिघींनी तर आपापल्या नवऱ्यांना घरी जाऊन सुनावलं म्हणे, बघा, काही बायका कशा असतात.

शेवटी मला राहवेना. ज्वारीचा डबा काखेत मारला आणि दळणाच्या निमित्तानं खाली गेले. गिरणीत ही सत्यशीला उभी. उंच, हडकुळी, डोक्याला फडकं, भुवया आणि पापण्या पिठानं पांढऱ्या. वय अठ्ठेचाळीस-पन्नास, पण पिठामुळे सत्तरीची दिसत होती. मी दार लोटून घेतलं आणि म्हटलं, "हे बघ, मी तुझ्या आईसारखी. पुरुषाला इतकं लाडावून ठेवू नये. भूक लागली की झक मारत जेवतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. "कुठल्या पुरुषाला, काकू?"

"तुझ्या सरदारांना."

तिनं मागचा पडदा बाजूला केला. आत फरशीवर एक गावठी कुत्रा. तांबूस, एक कान पडलेला, तोंड पायांवर टेकवून भिंतीकडे बघत बसलेला. शेजारी जर्मनची थाळी, थाळीत दूध-भाकरी, भाकरीवर माशी.

मी इतकी हसले की पीठ नाकात गेलं आणि शिंका सुरू झाल्या. सत्यशीला हसली नाही. तिनं माझा डबा घेतला, झाकण उघडून ज्वारीत हात घातला आणि म्हणाली, "बारीक का मध्यम?" तेव्हा मला कळलं की ही चिडलेली नाही. हिच्यात हसायलाच काही उरलेलं नाही.

पुढं रोज खाली जायची मला सवयच लागली. काम काही नाही, नुसतं एका पालथ्या डब्यावर बसायचं आणि बोलायचं. गिरणी चालू असली की तिला ऐकू येत नाही, आणि मला थांबता येत नाही, त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

गिरणी तिच्या सासऱ्यांची. नवरा सोपान, त्यानं आधी चालवून बघितली, पण पिठानं त्याला दम लागायचा, खोकून खोकून रात्र जायची. मग तो शिर्डीला एका लॉजवर कामाला लागला. चादरी, उशांचे अभ्रे, खोल्यांची साफसफाई करून घेणं, असलं काम. गुरुवारी, शनिवार-रविवारी तिथं गर्दी, म्हणून त्याला सुट्टी मंगळवारची. सोमवारी रात्री येतो, बुधवारी पहाटेच्या गाडीनं परत. गिरणी तेव्हापासून हिच्या गळ्यात.

सकाळी शटर वर करायच्या आधीच डब्यांची रांग लागलेली. "सत्यशीलाताई, आमचं आधी, पाहुणे आलेत." सगळ्यांकडेच पाहुणे आलेले असतात. गव्हावर कुणाची बाजरी गेली तर भांडण, पीठ गरम लागलं तर भांडण. मीही एकदा म्हटलं, "तुझं पीठ जरा भरड येतं गं, माझी भाकरी चिरते." तर म्हणाली, "काकू, पानी कडक घेत जा." ते मी लक्षात ठेवलं.

आणि ही बाई जेवायची कधी? तर जेवायचीच नाही. दुपारी लाईट गेली किंवा गिऱ्हाईक संपलं की आत जायची, कुत्र्याची थाळी भरायची आणि त्याच्यापुढं उकिडवी बसायची. तो खायचा नाही. ही वाट बघायची. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी हाक मारायचं, मग उठायची. चार वाजता चहात दोन टोस्ट बुडवायची, उभ्यानंच. रात्री ओट्यापाशी भाकरीच्या तुकड्यात चटणी गुंडाळून खायची, तेही उभ्यानं, एका हातानं भांडी विसळत. 'दमले' असं कधी म्हणायची नाही. 'बसते जरा' म्हणायची आणि बसायची नाही.

मी म्हटलं, "अगं, तू तर जेव."

"आत्याला शब्द दिलाय."

आत्या म्हणजे चांगुणाआत्या, तिसगावची. म्हातारीचा मुलगा चाकणला कंपनीत, त्यानं दिवाळीत आईला आपल्याकडे नेलं. शेत वाट्यानं दिलं, म्हैस विकली. फ्लॅटमध्ये कुत्रं चालत नाही, म्हणून सरदार आमच्या सत्यशीलाकडे आले. टेम्पोत बसवून देताना आत्या म्हणाली होती, मुकं जनावर हाय, त्याला उपाशी ठिवून जेवू नको. झालं. त्या दिवसापासून ही बाई त्याच्यासाठी जेवण अडवून बसली.

नाही म्हणायला तो अगदीच उपाशी नव्हता. घर झोपल्यावर कधीतरी थाळीतलं थोडं चाटून ठेवायचा. पण फासळ्या दिसायला लागल्या होत्या. जनावरांच्या डॉक्टरला दाखवलं, तो म्हणाला, आजार काही नाही, लाड कमी करा. दुकानातलं पाकिटातलं खाणं आणलं, ते सरदारांनी हुंगलं आणि पाठ केली. अंडं घातलं. रस्सा घातला. मी घरून माझी भाकरी, वर गूळ, असा थाटात नैवेद्य नेला. माझ्या भाकरीकडे तर त्यानं बघितलंसुद्धा नाही. सत्यशीला तेव्हा पहिल्यांदा ओठात हसली. "पानी कडक न्हवतं वाटतं," म्हणाली.

आता गंमत अशी की मंगळवारी सरदार जेवायचे. चांगले पोटभर, थाळी फरशीवर ढकलत ढकलत. सोपानराव आले की त्या दिवशी जेवण. म्हणून सोपानरावांनी निदान केलं, "ते पुरुषाच्या हाताचं खातंय." मलाही ते पटलं. मी त्यांना म्हटलं, "तुमचा पायगुण." सत्यशीला मागं भांडी घासत होती. घासणीचा आवाज जरा वाढला, बस.

नंतर मला म्हणाली, "काकू, मी आठवडाभर त्याच्यापुढं बसते. हे आठवड्यातनं येकदा येत्यात, आन् त्येंच्या हातचं खातो. माझ्या हाताला काय वास येतो का पिठाचा?" आणि खरंच हात हुंगून बघितले.

हा कुत्रा हिला का हवा, ते तिनं एकदाच सांगितलं. मुलीचं, दिशाचं, उन्हाळ्यात लग्न झालं, ती नाशिकला. "दिवसभर गिरनीचा आवाज आसतो. संध्याकाळी बंद केली की कान सुन्न व्हत्यात. मग घरात कुनी श्वास घेतंय येवढं कळलं तरी बरं वाटतं." एवढं बोलून लगेच पट्टा चढवला आणि गिरणी सुरू केली, म्हणजे मला पुढं काही विचारता येऊ नये.

पौषात एका मंगळवारी सोपानरावांनी कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला, बोटं फासळ्यांवरून खडखडत गेली. ते माणूस वाईट नाहीत. म्हणाले, "आगं, हे मरंल आसं. पुढल्या मंगळवारी मी त्याला तिसगावला नेतो. वाट्यानं करनारा गडी हाय तिथं, त्याच्यापाशी राहील. निदान रान तरी वळखीचं हाय."

"तो गडी साखळीला बांधंल त्याला."

"बांधला तरी खाईल."

तो आठवडा तिनं जिवाचं रान केलं. बाजरीची, ज्वारीची, नाचणीची, सगळ्या भाकऱ्या करून झाल्या. सरदार भिंतीकडे बघत बसले.

सोमवार उजाडला. दुपारी लाईट गेली, गिरणी थांबली. मी आरतीचा मोबाईल घेऊन खाली गेले. माझ्या डोक्यात आलं होतं की म्हातारीचा चेहरा दिसला, आवाज ऐकला, तर खाईल बापडा. आरतीनं व्हिडिओ कॉल लावून दिला होता. पलीकडे चांगुणाआत्या, चाकणच्या गॅलरीत, कडेनं वाळत घातलेले कपडे. आधी नुसतं कपाळ दिसत होतं.

"आत्या, फोन खाली घ्या," सत्यशीला म्हणाली.

"घेतला. तू का आशी वाळलीस गं शीले?"

"ते राहू द्या. सरदारला हाक मारा. खात न्हाई तो."

आत्यानं हाक मारली. सरदार ताडकन उठले, शेपटी हलली, फोन हुंगला, फोनच्या मागं जाऊन बघितलं. मागं मीच होते. मग परत जाऊन बसले, थाळीकडे पाठ करून. सत्यशीलानं डोळे मिटून घेतले.

आत्यानं विचारलं, "कधीपासनं खात न्हाई?"

"तुमी धाडला तेव्हापासनंच. दुपारी थाळी भरते, तास तास बसते पुढं."

"आन् तू जेवलीस का?"

"तो खाल्ल्याबिगर कशी जेवू? तुमीच म्हनला हुता."

पलीकडे म्हातारीनं कपाळावर हात मारला. मग म्हणाली, "आगं बया. मग तो कसा खाईल? घरची मानसं जेवल्याबिगर तो तोंडच लावीत न्हाई. आमच्यात समद्यांचं झालं की शेवटली भाकरी त्याची. ल्हान हुता तवा मधी मधी करायचा, ताटापाशी आला की मी फुंकनी दाखवायचे. तवापासनं जे वळण लागलं ते लागलं. तू उपाशी, म्हून तो उपाशी."

"मग सांगितलं का न्हाई मला?"

"त्यात काय सांगायचं? घरचं मानूस जेवल्यावर कुत्र्याला घालत्यात, हे बी सांगायचं आसतंय व्हय? आन् उपाशी ठिवू नको म्हनले ते इसरू नको म्हून. तुला उपास कर कुनी सांगितलं?"

मी तोंडावर पदर धरला होता. इतके दिवस दोघं एकमेकांसाठी थांबलेली, आणि मी वरून ऐकत होते. तुम्ही खाल्ल्याशिवाय मी जेवणार नाही, हे वाक्य मी बागेत किती वेळा नक्कल करून सांगितलं होतं. त्यातच सगळं होतं की.

"जेव आता," आत्या म्हणाली. "बसून जेव. मला कपडे काढायच्यात." आणि फोन बंद.

सत्यशीलानं ताट घेतलं. सवयीनं ओट्यापाशीच उभी राहिली. मी म्हटलं, "बस खाली." बसली. बाजरीची भाकरी, पिठलं, कांदा. पहिला घास घेतला आणि थांबली, जणू पुढं काय करायचं असतं ते आठवत होती. मग हळूहळू खायला लागली. मी बोलले नाही. हे आमच्या घरी कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण मी खरंच बोलले नाही. तिचे डोळे मधे मधे मिटत होते. भिंतीला टेकून, मांडी घालून, भरल्या ताटावर बसलेली मी तिला पहिल्यांदाच बघत होते.

सरदारांनी मान उचलली होती. भाकरीचा तुकडा ताटातून तोंडात जाईपर्यंत त्याची नजर सोबत.

ताट संपलं. थाळी समोर भरलेली. सरदार जागचे हलले नाहीत. आम्ही दोघी बघतोय, तो आमच्याकडे बघतोय.

"न्हाई, काकू," सत्यशीला म्हणाली. "आत्याला सांगितलं, समदं केलं. नेऊ द्या उद्या." खरकटा हात तसाच गुडघ्यावर ठेवून ती बसून राहिली. हात वाळायला लागला तरी उठेना.

तेवढ्यात दिवा लागला. लगेच बाहेरून हाक, "ताई, लाईट आली, चालू करा की." तिनं बेसिनकडे बघितलं. चार पावलांवर बेसिन, पण तिच्यानं उठवेना. शेजारचा तांब्या घेतला आणि ताटातच हातावर पाणी ओतलं.

मी म्हणणारच होते, अगं, सोपानरावांना एवढी ओरडतेस ना ताटात हात धुतात म्हणून. पण माझं वाक्य राहिलं. ताटात पाणी पडल्याचा आवाज झाला आणि सरदार उठले. अंग झटकलं, थाळीपाशी आले आणि जेवायला लागले.

सत्यशीलाचा हात तसाच ताटावर, बोटांतून पाणी ठिबकतंय. बाहेर दुसरी हाक आली, तिसरी आली. कुत्र्यानं थाळी ढकलत ढकलत कोपऱ्यात नेली, चाटून पांढरी केली. तोपर्यंत ती उठली नाही. गिऱ्हाइकांना तिनं त्या दिवशी पहिल्यांदा थांबवलं.

मग आम्ही जुळवून बघितलं. तिसगावला सगळे ताटातच हात धुणारे. मंगळवारी सोपानराव आले की हिला आग्रहानं सोबत जेवायला बसवायचे, आणि शेवटी ताटात हात धुवायचे. आम्ही त्यांचा पायगुण समजत होतो, सरदार तांब्याची वाट बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला जेवायला बोलावलं. सोपानरावांनी दोरी आणि पोतं तयार ठेवलं होतं, कुत्र्याला टेम्पोत घालून न्यायला. सत्यशीलानं आधी काही सांगितलं नाही. तिघांची ताटं वाढली, भाकरी माझ्या डब्यातल्या पिठाची, मुद्दाम. अशी टम्म फुगलेली, कुठं एक चीर नाही. माझ्या ताटात वाढताना तिनं ती माझ्या डोळ्यांसमोर जरा जास्तच वेळ धरली.

जेवताना तिनं कालचं सगळं सांगितलं. सोपानराव घास हातात धरून ऐकत राहिले. मग हळूच दोरी पायानं मागं सरकवली आणि त्यांच्या तोंडावर असं हसू आलं की मला वाटलं, आता हा माणूस ऐकत नाही.

"म्हंजी मीच बरोबर हुतो," ते म्हणाले. "काकू, लग्न झाल्यापासनं हिनं माझं डोकं खाल्लंय. ताटात हात धुऊ नका, गावंढळपना हाय, पोरीच्या सासरचे काय म्हनतील. आता बघा. कुत्रंबी माझ्या बाजूचं."

"अगदी बरोबर आहे तुमचं, सोपानराव," मी म्हटलं. मला काय, मला भांडण हवं होतं. "आता हिनं कबूल करावं."

"कबूल," सत्यशीला म्हणाली.

एवढ्या लवकर? सोपानरावांनी खुशीत तांब्या ओढला. तिनं दुसऱ्या बाजूनं तो धरला.

"तुमी न्हाई. तुमी बेसिनला जा."

"आगं, आत्ताच म्हनलीस ना, माझं बरोबर हाय."

"बरोबर हाय म्हनूनच. तुमी धुतला तर तो तुमच्या हाताला उठंल. तुमी मंगळवारचे. बाकीचे दिवस त्याला कोन सांभाळतंय? ह्या घरात ताटात हात मी धुनार. उठा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "पाहुणीनं धुतला तर चालेल की."

"काकू, तुमी बी उठा."

सोपानरावांनी तांब्या अजून सोडला नव्हता. त्यांनी कुत्र्याकडे बघितलं. सरदार त्यांच्याकडे बघतच नव्हते, ते तिच्या हाताकडे बघत होते. सोपानरावांनी तांब्या सोडला.

आम्ही दोघं खरकटे हात वर धरून बेसिनपाशी एकामागं एक उभे राहिलो. त्यांनी तोटी फिरवली. नुसता फुस्स आवाज आला.

"नळाला पानी न्हाई," ते आतल्या आत हरखून म्हणाले.

"बादलीत हाय," ती बसल्या जागेवरून म्हणाली, आणि मग सावकाश, एका हातानं दुसऱ्या हातावर, ताटात पाणी ओतलं.